राखणीचं घर

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज दौलतसिंग नायकांनी डोक्यावरचा फेटा काढून सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून मी कोनाचाच नायक नाई. ज्याले जे पटन ते करा." तांड्यातल्या तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना गाडीच्या मुठीवर तळवे चुरचुरत होते.

एवढं मोठं काम करून आल्यावर जेवण गोड लागायला हवं होतं. अर्धी भाकर ठेवून उठलो आणि हे लिहायला बसलो.

बंजाऱ्यांचा तांडा आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडं, आणि नायक म्हणजे त्याचा प्रमुख. दिवाळी झाली की हातपाय चालणारा सगळा तांडा ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. नायकांचा नियम असा, की दरवर्षी पाळीपाळीनं दोन जोडप्यांनी मागं राहायचं. शाळेत जाणारी सगळी पोरं आणि म्हातारी माणसं त्यांनी सांभाळायची. त्याला तांड्यात राखणीचं घर म्हणतात. बाकीचे परत आले की राखणीवाल्यांचा वाटा काढून देतात. यंदा पाळी गोविंदसिंगची होती. हा माझा जुना विद्यार्थी. घरात बायको, दोन वर्षांची सपना, आजी तुळसाबाई आणि बारावीला माझ्याच वर्गात असलेली बहीण निकिता. गोविंदसिंग म्हणाला, मले नाई राहायचं. नायक म्हणाले, नाही राहिलास तर तुझ्या बहिणीच्या लग्नाला तांड्यातलं कोणी येणार नाही.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ही तर उघड वाळीत टाकण्याची धमकी. मी गोविंदसिंगला घेऊन ठाण्यात गेलो. नायकांना बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं गेलं. एका पोरानं त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तो तालुक्याच्या मानोऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यानंतरची आजची सभा.

माझा पीएच.डी.चा विषय नवस्वातंत्र्यवाद. अमेरिकेतल्या काही मंडळींचा हा विचार. आपल्या देशात सरकारनं लोकांच्या आयुष्यात हात घालू नये, कर कमी, नियम कमी, ज्याचं तो बघेल. पण बाहेर कुठं कोणी जुलमी माणूस आपल्याच लोकांना दाबत असेल तर गप्प बसू नये, जाऊन त्याला हटवावं, इराकमध्ये केलं तसं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, याचा तुमच्या गावाशी संबंध काय? तेव्हा मी चहाच्या कपाकडं बघत राहिलो होतो. आज ते समोर असते तर दाखवलं असतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सभेत तुळसाबाई उभ्या राहिल्या आणि विचारलं, "मंग पोरायले कोन पाहीन?" मी म्हणालो, "आजी, ते आता तुम्ही सगळे मिळून ठरवा. तुम्ही स्वतंत्र आहात." त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तोवर माइक दुसऱ्याकडं गेला होता.

१५ ऑक्टोबर

पल्लवी, माझी बायको, सभेपासून नीट बोलत नव्हती. आज भांडी घासताना बोलली. ती तांड्यातल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवते, हे इथं लिहायला हवं, कारण तिचं म्हणणं त्यावरच होतं.

"नऊ वर्षं झाली मले त्या शाळेत. तुमी मले एका शब्दानं तरी इचारलं?"

"तुझ्या नोकरीचा यात काय संबंध?"

"काईच नाई," असं म्हणून तिनं पातेलं असं आपटलं, की बाबा बाहेरून ओरडले, काय पडलं.

बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे. साखरेचा आजार आणि चप्पल घालत नाहीत. पल्लवीला वाटतं मी त्यांना रागवावं. मी कोण रागवणारा? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शहाणा माणूस आहे, पाय त्यांचा आहे. माझ्या घरात कोणी कोणावर हुकूम चालवत नाही, याचा मला अभिमान आहे. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "घरातल्या मानसाचा पाय सडला तरी तुमाले बोलाचं नाई, आन ओढ्यापलीकडं मातर तुमी पोलीस घेऊन जाता." उत्तर होतं माझ्याकडं, पण ती आतल्या खोलीत गेली होती.

कॉलेजात तय्यब भेटला. इतिहास शिकवतो, कारंजाहून येतो, आणि माझी टर उडवल्याशिवाय त्याला चहा जात नाही. म्हणाला, "यार, तुया थेअरीत एक पान कमी हाय. पयलं पान, घुसो. दुसरं पान, हटाओ. तिसरं कुठी हाय?" मी म्हणालो, तिसरं पान लोक स्वतः लिहितात. तो म्हणाला, "हां, आन कागज कोन देईन?" सगळे हसले, मीही हसलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

मतदान झाल्या झाल्या गाड्या निघाल्या. आज शेवटचा ट्रक गेला. गोविंदसिंग बायको आणि सपनाला घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. "सर, तुमच्यामुळं निंगालो." मी त्याला उठवलं, छातीशी धरलं. बरं वाटलं, खोटं का लिहू.

ट्रक वळल्यावर लक्षात आलं की कोणीच मागं राहिलेलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा राहील. दोन पोरांना मी सभेनंतर विचारलंही होतं, राखणीचं काय? ते म्हणाले, आता सक्ती नाही ना सर. बरोबरच होतं. माझंच वाक्य होतं.

म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यात निकिता उभी होती, कडेवर कोणाचं तरी पोर. सतरा वर्षांची, पण आज ती तांड्यातली सगळ्यात धडधाकट बाई झाली. मी तिला म्हणालो, अभ्यास चालू ठेव. ती "हो सर" म्हणाली. ती नेहमीच "हो सर" म्हणते.

४ डिसेंबर

निकिता आठवडाभर आली नाही. आज आली, दुसरा तास संपता संपता. बाकावर डोकं टेकवून झोपली. मी उठवलं नाही. शेजारच्या मुलीनं सांगितलं, पहाटे उठून सगळ्या पोरांच्या भाकरी तीच थापते. म्हाताऱ्यांचे हात चालत नाहीत. पोरांना दुपारी शाळेत खिचडी मिळते, पण सकाळ-संध्याकाळ निकिताच.

तास सुटल्यावर तिला थांबवलं. ती म्हणाली, "सर, भावाचा फोन आल्ता. म्हने बारावी पास झाली तं अमरावतीले नर्सिंगले टाकतो. नाई तं पुढल्या सालापासून तूबी कोयता धर." सांगताना ती हसत होती. मी म्हणालो, त्याला म्हणावं असं ठरवायचा त्याला हक्क नाही. "मी सांगन," ती म्हणाली, आणि बस गाठायला पळाली.

आता हे कोणाला सांगू? त्याला तो हक्क आहे, घर त्याचं आहे, असं मीच तर दोन महिन्यांपूर्वी ठाण्यात नायकांना बजावलं होतं.

२२ डिसेंबर

तांड्यात गेलो. गव्हाचं एक पोतं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. निकिता चुलीपुढं होती, केसांत राख, मांडीवर उघडं पुस्तक आणि त्यावर पिठाची बोटं. पोरांनी पुड्यांवर झडप घातली. तुळसाबाई खाटेवर होत्या, खोकत होत्या, माझ्याकडं पाठ फिरवून.

नायक आपल्या घरामागं लाकडं फोडत होते. मी राम राम घातला, त्यांनी मान हलवली आणि कुऱ्हाड उचलली. एवढा मोठा ढीग झाला होता. एकट्या माणसाला इतकं जळण कशाला लागतं कोण जाणे. मनात असलेला राग काढत असतील.

परत येताना ओढ्यात गाडी थांबवून थोडा वेळ बसलो. नियम वाईट होता, हे मी आजही म्हणेन. लग्नाला येणार नाही अशी धमकी देणं वाईटच. पण आमच्या कॉलेजात बारावीला पहिल्या आलेल्या पोरी मोजल्या, तर मागच्या तिन्ही वर्षी तांड्यातल्याच होत्या. त्यांना कोण भाकरी करून घालत होतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. हे लिहून काढलं तर छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. उतरलं नाही.

१४ जानेवारी २०२५

बाबांचा अंगठा काढावा लागला. पल्लवीनंच त्यांना अकोल्याला नेलं, मी माझ्या परिसंवादासाठी अमरावतीला होतो. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "झालं काम. सवडीनं आले तरी चालन."

आज बाबांपाशी बसलो. पाय उशीवर, उरलेली बोटं पट्टीतून बाहेर. मी म्हणालो, मी आधीच बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "तू बोल्ला असता तं मी आयकलं असतं का?" मग पट्टीकडं बघत, "आयकलंबी असतं."

मग तांड्याचं निघालं. बाबांना सगळं माहीत असतं, खाटेवरून हलत नाहीत तरी.

"तुयं शिक्षन कुठी झालं रे परसेन?"

"वाशीमला."

"वाशीमले कुठी?"

"वसतिगृहात."

"कोनाच्या?"

"सरकारच्या," मी म्हणालो.

"तिथं पाचले उठाचा नियम होता. तू मले चिठ्ठी धाडली होती, बाबा हा जुलूम हाय, मले घरी न्या. मी नेलं का? मी आलो, साहेबाले भेटलो, तुले दोन चापटा देल्या आन वापस आलो." ते हसले, मग हसू गेलं. "आमाले बाबासाहेबानं सोडवलं. पन नुसतं सोडवून नाई गेले. मागून शाळा-कालेज काढले, बोर्डिंगा काढल्या. तू काय काढलं तिकडं?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते सरकलेलं नव्हतं.

२९ जानेवारी

सपनाला परत पाठवलं आहे. उसाच्या फडात तापानं फणफणली, आठ दिवस उतरला नाही, म्हणून गावाकडं येणाऱ्या एकाबरोबर धाडून दिली. आता ती दिवसभर निकिताला चिकटलेली असते. परीक्षा बारा-तेरा दिवसांवर.

मी आज ठरवून नायकांकडं गेलो. ते दारात बसून बाजेचं सुंभ आवळत होते. मी उभ्यानंच बोललो. माझं चुकलं म्हणालो. तुम्ही पुन्हा नायक व्हा, मी सगळ्यांसमोर तुमच्या डोक्यावर फेटा ठेवतो, फोन करून गोविंदसिंगला समजावतो.

त्यांनी हातातल्या सुंभाची गाठ मारली. मग म्हणाले, "बसा सर."

बसलो.

"तुमी सांगतलं म्हून उतरवला. आता तुमी सांगता म्हून घालू? मंग तो फेटा माहा नाई राह्यत, तुमचा होते."

"मग या पोरांचं काय?"

"हे तवा इचारलं असतं तं बरं झालं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. "म्या गोविंदाले लग्नाचं बोल्लो ते खराब बोल्लो. ठान्यात बसल्या बसल्या मले समजलं ते. पन तुमी येऊन मले म्हनले असते ना, की नायकबा हे खराब बोल्ले, तं म्या वापस घेतलं असतं. आपल्यात ओढाच तं हाय."

मी त्यांच्याकडं कधी गेलोच नव्हतो. आज पहिल्यांदा त्यांच्या दारात बसलो. इराकवर दोनशे पानं लिहिली आणि ओढा ओलांडून एका म्हाताऱ्याशी बोललो नाही.

उठताना सपना दुडुदुडु आली आणि सुंभाच्या गुंडाळीवर बसली. नायकांनी तिच्याकडं न बघताच पाय लांब केला, तिनं त्याला टेकून अंगठा तोंडात घातला. पोरं कुठंही टेकतात.

९ फेब्रुवारी, रविवार

परवा इंग्रजीचा पेपर. इंग्रजीच निकिताला जड आहे. मी निकिताकडं गेलो होतो. तुळसाबाई अंथरुणातच आहेत, बाकीची पोरं पल्लवीच्या शाळेत असतील, राहिली सपना.

"नायकबा ठेवतो म्हन्ते सर," निकिता म्हणाली.

मी लगेच म्हणालो, "नको, नको. त्यांना आणखी त्रास कशाला? मी ठेवतो. केंद्राच्या आवारातच, झाडाखाली बसतो. तुझ्या डोळ्यासमोर राहील, तुला काळजी नको. मला परवा ड्यूटीही नाही."

ती काहीतरी बोलणार होती. मी म्हणालो, "हे तरी मला करू दे, निकिता."

"हो सर," ती म्हणाली.

किती दिवसांनी हलकं वाटतंय. पल्लवीला सांगितलं तर तिनं विचारलं, "तुमी आपलं पोरगं लहान असतानी कधी तीन घंटे सांभाळलं होतं?" मी म्हणालो, तेव्हाची गोष्ट वेगळी. एक बाहुली आणली आहे, केळी, बिस्किटं, पाण्याची बाटली. तय्यबला फोन केला, तिसरं पान लिहितोय म्हणालो. तो या वेळी हसला नाही. "अच्छा है यार," म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहिलेलं सगळं ढोंग ठरेल.

दोघींना गाडीवर घेऊन वेळेवर पोचलो. निकितानं सपनाला माझ्याकडं दिलं, केसांवरून हात फिरवला आणि आत गेली. तिची खोली तळमजल्यावर, खिडकी लिंबाकडं. मीच ते झाड निवडलं. तिला सपना दिसत राहावी म्हणून.

घंटा होईपर्यंत सगळं छान होतं. मग सपनानं बाहुली फेकली. केळं फेकलं. मग ओठ काढले आणि सुरू झाली. मी उचललं, तर पाठीची कमान करून मागं पडायला लागली. गाणं म्हटलं, गाडीवर बसवलं, पक्षी दाखवले. ती दरवाज्याकडं हात करून एकच शब्द ओरडत होती. आधी मला वाटलं निकिताला बोलावते आहे. मग नीट ऐकलं. "नाकबा, नाकबा."

नायकबा.

जळणाचा ढीग तेव्हा मला समजला. पोरगी त्या पायाला सवयीनं टेकली होती. तो म्हातारा महिनोनमहिने निकिताची चूल पेटती ठेवत होता, सपना आल्यापासून तिलाही सांभाळत होता, नायक नसताना, कोणी न सांगता. आणि मी त्याच्याकडून ते पोरही काढून घेऊन आलो होतो. त्याला त्रास नको म्हणून.

तिला घेऊन लांब जायला हवं होतं, फाटकाबाहेर, बाजारापर्यंत. निकिताला दिसली पाहिजे असं मीच म्हणालो होतो ना, म्हणून मी तिथंच फेऱ्या मारत राहिलो. खिडकीत निकिताचं डोकं दर थोड्या वेळानं वर येत होतं. पर्यवेक्षक दोनदा बाहेर आले. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः शिक्षक असून." मी सपनाचं तोंड छातीशी धरलं, आवाज दबावा म्हणून. ती घुसमटून निळी पडली की काय असं वाटून सोडलं, आणि मग तिनं जो सूर लावला तो अख्ख्या शाळेनं ऐकला असेल.

अर्धा वेळ झाल्यावर बाहेर सोडतात. त्याच क्षणी निकिता दारात दिसली.

"जा आत," मी म्हणालो. "निकिता, जा, मी बघतो."

"देला पेपर सर. आता नाई घेत." तिनं सपनाला घेतलं. सपना हुंदके देत तिच्या मानेत शिरली.

"किती राहिलं?"

"निबंध, पत्र, अन मागचं सगळं."

मी काय म्हणालो आठवत नाही. माफी मागितली असेल. ती म्हणाली, "तुमी तरी काय कराल सर." ती हे मनापासून म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जेवलो असतो.

तांड्याच्या वळणावर नायक उभे होते, उन्हात, डोकं उघडं. गाडी थांबायच्या आत सपनानं हात पुढं केले, त्यांच्याकडं गेली, आणि रडणं असं थांबलं, की मला तांड्यातल्या कोंबड्यांचा आवाज ऐकू आला.

"कसा गेला व पेपर?" त्यांनी विचारलं.

"चांगला गेला, नायकबा," निकिता म्हणाली.

ते खूश झाले. सपनाचं नाक धोतराच्या सोग्यानं पुसलं, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन तुमाले? लय तरास देला आसन पोरीनं."

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

निकिता तोवर चुलीकडं गेली होती. शाळा सुटली की पोरं भुकेली येणार होती.